चाचणी, दिवा कोळीवाडा

पहिल्या पानावर तारीख टाकली,
खाली लिहिलं: पॅनल एक, पन्नास वॅट.
बॅटरी बारा व्होल्ट, जुनी.
महापेच्या कुठल्याशा ऑफिसात वीज गेली की
संगणकांना धीर द्यायची ती;
ऑफिस उठलं, आणि तुर्भ्याच्या भंगारात
वजनावर विकायला बसली.

वहिनीची शेड ऐरोलीच्या खाडीकाठी,
चार बांबू, निळी ताडपत्री, जाळ्यांचा ढीग.
डोक्यावरून मनोऱ्या-मनोऱ्यांवरच्या तारा
लाखावर व्होल्ट गुणगुणत
पलीकडे मुलुंडला जातात.
गावाचं नाव दिवा.
खाली मीटर मिळत नाही.
जागा कांदळवनात मोडते म्हणाले.
साहेब तरुण होता, त्याने चहाही पाजला.

अठ्ठावीस वर्षं स्विचगियरच्या कारखान्यात
मी माल तपासून शिक्का मारला.
'पास'चा शिक्का अजून माझ्याकडे आहे,
कंपनी नाही.

नातीच्या कंपासमधला कोनमापक घेऊन
एकोणीस अंश मोजले, तोंड दक्षिणेला.
वहिनी म्हणाली, "मासली वालत घालतांव तसाच की रं."
हो. तसंच.

आधी बॅटरी जोडायची, मग सूर्य.
उलट केलं तर कंट्रोलर जळू शकतो.
हे मी दोनदा मोठ्याने म्हटलं,
शेजारी कुणी शिकाऊ पोरगा असल्यासारखं.
लाल ते लाल. काळं ते काळं. मध्ये फ्यूज.
टोकांना व्हॅसलिन फासलं,
खारा वारा तांब्याला हिरवं करून खातो.

मोकळ्या पॅनलवर मीटर एकवीस दाखवत होता,
एकवीस पूर्णांक चार, छाती फुगवून.
बॅटरी जोडली तसा तेरावर आला.
कुणी काही मागत नाही तोवर
आकडा मोठाच असतो.
दादाच्या बाराव्याला ही शेड माणसांनी भरली होती,
जो तो म्हणे, काही लागलं तर सांग.

बारा वाजता दोन पूर्णांक सहा अँपिअर.
बारा वीसला शून्य पूर्णांक आठ.
वायर चाचपली, स्क्रू पिळले,
फ्यूज काढून फुंकला,
मग वर बघितलं: कावळा,
पॅनलच्या कोपऱ्यात, चोचीत बोंबलाचं डोकं.
'कारण'च्या रकान्यात मी 'कावळा' लिहिलं.
अठ्ठावीस वर्षांत त्या रकान्यात
असला शब्द पहिल्यांदाच.

संध्याकाळी भार टाकला, नऊ वॅटचा एक दिवा.
रात्रभर जळू द्यायचा, पहाटे व्होल्ट बघायचे.
तीनला भरती, होडी लागणार,
चिंबोऱ्या निवडायला उजेड हवा;
अंधारात नांगीने धरलेलं बोट
सहज सुटत नाही.
"बटणाला हात लावू नको,"
वहिनीला बजावून घरी गेलो.

साडेपाचला मीटर लावला. बारा पूर्णांक सहा.
भंगारातल्या बॅटरीला? इतके?
चष्मा पुसून पुन्हा लावला. सहाच.
हात आपोआप खिशात गेला, शिक्क्याकडे.

वहिनी सुतळीने नांग्या बांधत होती.
"तू गेलास तवाच इझवला," म्हणाली.
"तीनला पेटवला, चारला परत बंद.
मधी कोनी नव्हता इथं.
कोनासाठी जालाचा?"

मी वही उघडली.
लिहिलं: चाचणी झाली नाही.
जरा थांबून खाली:
दिवा एक तास. चिंबोऱ्या एक्कावन्न.
बोटं दहा.

शाईचं पॅड केव्हाच सुकलेलं.
शिक्क्यावर तोंडाची वाफ दिली, दाबला.
नुसता 'पा' उमटला, पुढचं नाही.

आज रात्री पुन्हा लावायचा.
आज मी इथेच बसतो, म्हटलं,
म्हणजे कोणीतरी असेल.